ऑर्फाची न परतलेली भांडी

बेल्स क्रॉसिंग, आर्कान्सा
१ मे १९८४

प्रिय नेल्डा,

बातम्यांत आमच्या गावाचं नाव ऐकून तू घाबरली असशील, म्हणून आधी सांगून टाकते. मी जिवंत आहे. हातपाय जागेवर आहेत. डोकंही आहे, म्हणजे आधी जेवढं होतं तेवढं.

शुक्रवारी संध्याकाळी टोर्नेडो आला तेव्हा मी चर्चच्या तळघरात बटाटे सोलत होते. भोंगा वाजला आणि आम्ही सगळ्या बायका टेबलांखाली शिरलो. टोर्नेडोचा आवाज मालगाडीसारखा येतो म्हणतात. असेल. माझ्या शेजारी लव्होन प्रुइट होती, त्यामुळे मला तिच्याशिवाय दुसरा आवाज ऐकूच आला नाही. वर येऊन बघतो तर ईस्टरच्या लिलीच्या कुंड्या वेदीपाशी जशाच्या तशा, आणि त्यांच्यावर छप्पर नाही. चर्चचा मनोराही गेला. गेला कुठे, तर मेथडिस्ट पंथाच्या चर्चपुढच्या हिरवळीवर! टोक खाली, पाय वर. त्यांचे पाद्री म्हणाले, "आम्ही काही मागवला नव्हता." आमचे ब्रदर कॉय म्हणाले, "जपून ठेवा, न्यायला येऊ." दोन्ही चर्चमध्ये एवढं मोठं संभाषण झालेलं मला तरी आठवत नाही.

माझ्या घराचं म्हणशील तर छपराला जरा लागलंय. ओढ्यावरचा पूल बंद असल्याने तिकडे जायला मोठा वळसा पडतो, तेव्हा मी सध्या चर्चच्या तळघरातच असते. पत्र इथल्याच पत्त्यावर टाक. फोन बंद आहे.

ब्रदर कॉयनी मदतीचं सगळं काम माझ्या गळ्यात घातलंय. स्वयंपाक बघायचा, आणि कामाला माणसं आली की आज कोणाच्या घरी जायचं ते सकाळी त्यांना सांगायचं. अन्नाला तोटा नाही. तुला आपल्याकडची रीत माहीतच आहे, कोणाचं काही बिघडलं की प्रत्येकीने काचेच्या भांड्यात काहीतरी भाजून न्यायचं आणि भांडं परत यावं म्हणून तळाला चिकटपट्टी लावून नाव घालायचं. लव्होननेही कोंबडी-भात आणला, पण पत्र्याच्या ट्रेमध्ये. तिच्या नवऱ्याचं पित्ताशय काढलं तेव्हा मी माझ्या निळ्या फुलांच्या भांड्यात जेवण पाठवलं होतं. पित्ताशय गेलं, नवरा धडधाकट झाला, भांडं काही आलं नाही. ते दिसलं तर मी मागेन म्हणून हा ट्रे! आणि ती एकटी नाही. या गावात माझं नाव जितक्या कपाटांत आहे तितक्या प्रार्थनांत नसेल.

तुमच्या चर्चला काही पाठवायचं असलं तर ताडपत्र्या, खिळे, हातोड्या आणि कामाचे हातमोजे पाठवा. कपडे नकोत.

तुझी,
ऑर्फा

---

फेअरमाउंट हाइट्स, ओहायो
८ मे

माझी लाडकी ऑर्फा,

तुझं पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरातच मटकन खाली बसले. मग उठले, कारण त्याच दुपारी मदत समितीची बैठक होती. अध्यक्ष कोण असेल ओळख! मी नको नको म्हणत होते, पण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही.

मी तुझं पत्र समितीला वाचून दाखवलं. (लव्होनचा भाग गाळला.) "कपडे नकोत" या वाक्याशी आले आणि बायकांच्या डोळ्यांत पाणी. "किती स्वाभिमानी माणसं!" असं मिसेस ओल्डरशॉ म्हणाल्या, "अंगावरचं गेलं तरी मागायचे नाहीत." म्हणून आम्ही एकमताने कपडेच पाठवायचं ठरवलं. खिळ्यांचाही विषय निघाला होता, पण खिळ्यांत आपुलकी दिसत नाही असं सगळ्यांचं मत पडलं. खिळे काय, कोणीही पाठवेल.

ऑर्फा, तू बघायला हवं होतंस! एका रविवारात चर्चचं अख्खं सभागृह भरलं. लोकांनी कपाटं रिकामी केली. रोलंड म्हणतो की लोकांना कपाटं रिकामी करायचीच होती, पण दातांचे डॉक्टर असेच बोलतात. शिवाय लहान मुलांसाठी कापसाची अस्वलं आहेत आणि आमच्या पाद्रींनी लिहिलेली 'वादळातली शांती' ही पुस्तिका आहे, तिचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. ट्रक सोमवारी निघेल. तो उतरवताना एखादा फोटो काढून पाठव. एखादं कुटुंब, हातात काहीतरी घेतलेलं, आणि हसरं असेल तर उत्तम.

तुझ्या छपराचं काय झालं? तुला स्वतःला काही लागलं तर कळव हं. आणि फारच कंटाळलीस तर आमची खालची खोली रिकामीच आहे. कायमची ये. रोलंडची काही हरकत नाही, त्याला विचारलेलं नाही.

तुझी,
नेल्डा

---

बेल्स क्रॉसिंग
२१ मे

प्रिय नेल्डा,

ट्रक पोचला. तुमच्या समितीला सांग, आमच्या गावाचे डोळे विस्फारले.

इथे सध्या घाम पुसायला फडकं पुरत नाही असा उकाडा आहे, आणि ट्रकमधून पहिले उतरले ते लोकरीचे ओव्हरकोट. मग फरचे कोट. मग बर्फावरून घसरायचा एक बूट. एकच. दुसरा ज्याच्याकडे राहिला असेल तो काय करत असेल याचा ब्रदर कॉय अजून विचार करताहेत. मग लग्नसमारंभात घालायचे काळे कोट आले, आणि जमिनीवर लोळणारे झगे. ढिगारे उचलायला आलेली माणसं दोन दिवस ढिगारे सोडून कपडेच निवडत बसली, कारण पाऊस आला असता तर ते भिजले असते आणि भिजलेल्या लोकरीचा वास तुला माहीत आहे. पण काही वाया गेलं नाही. म्हातारा डब टॅलीने काळा कोट चढवला आणि रेशमी गळपट्टी लावून दिवसभर विटा उचलल्या. त्याच्या बायकोने त्याला ओळखलं नाही. झग्यांचे आम्ही तळघरात पडदे केले. माझ्या खाटेपुढे जांभळ्या मखमलीचा आहे. सकाळी तो सारून बाहेर येते तेव्हा मला टाळ्यांची वाट बघावीशी वाटते.

पुस्तिकांचाही उपयोग झाला. ओल्या लाकडांनी चूल पेटत नव्हती.

खरं काम सांगू? कॅन्ससहून मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांची एक तुकडी आलीय. पाठवू का, चालेल का, काही विचारलं नाही. आले, शिडी लावली आणि चढले. खिळे स्वतःचे, हातोड्या स्वतःच्या. संध्याकाळी आमचं जेवण जेवतात आणि भांडी धुऊन ठेवतात. पुरुष धुतात, नेल्डा! आमच्या चर्चच्या कारभारी डीकन मंडळींनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून ते जेवणानंतर तळघरात थांबत नाहीत. त्यांचा मुकादम इलाम श्राग, दाढीवाला, दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातले तीन सकाळी मला: "आज कुणाकडे जायचं?" मी नाव सांगते आणि ते निघतात. ज्यांच्याकडे तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ते आधी. लव्होनलाही मी पुढे घेतलं, कारण तिच्या छपराला टोपलीएवढं भोक होतं आणि ती रडत होती गावाएवढं. इलामने एकदा विचारलं, "आणि तुमचं घर?" मी म्हटलं, "माझं थांबू शकतं." सोळा जूनला हे लोक गव्हाच्या कापणीला परत जाणार. त्याच्या आत होतील तेवढी घरं उरकायची.

आईचं भिंतीवरचं घड्याळ सापडलं, ओढ्यापलीकडे कपाशीच्या शेतात. चालत नाही. पण तसं ते वादळाआधी तरी कुठे चालत होतं?

तुझी,
ऑर्फा

---

फेअरमाउंट हाइट्स
२७ मे

लाडकी ऑर्फा,

आईचं घड्याळ शेतात कशाला नेलंस? दुरुस्त करायला नेताना पडलं का? जुन्या वस्तू अशा घेऊन फिरायच्या नसतात गं, माझ्याकडे दिलं असतंस तर बैठकीच्या खोलीत लावलं असतं.

तू चर्चमध्येच खाट टाकून राहतेस हे मी समितीला सांगितलं. स्वतःचं घर असताना! सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मिसेस ओल्डरशॉ म्हणाल्या की अशा बाईला प्रत्यक्ष बघायलाच हवं. म्हणून एक आनंदाची बातमी: आम्ही येतोय! समितीतल्या सहा जणी, छोट्या बसने, पंधरा जूनला. 'सेवेचा शनिवार-रविवार' असं नाव दिलंय. पिवळे टी-शर्ट छापून घेतलेत, पुढे 'आशेचे हात' आणि मागे आमच्या चर्चचा पत्ता. रोलंडने विचारलं की हात पुढे छापले आणि पत्ता मागे, म्हणजे नक्की मदत कोणाला हवीय?

उतरणार अर्थात तुझ्याकडे. पाहुण्यांच्या खोलीत तिघी, बाहेरच्या खोलीत तिघी. तुझ्या हातचा मक्याचा पाव खायचा आहे सगळ्यांना, आणि शेवटच्या दिवशी अंगणातल्या पिकानच्या झाडाखाली सगळ्यांचा एक फोटो. त्या झाडाला बाबा झोका बांधायचे ते मी सांगितलंय.

आणखी एक. आमच्या पत्रिकेसाठी पडलेल्या घरापुढे उभं राहून एक फोटो लागेल. एखादं बऱ्यापैकी पडलेलं घर आधीच बघून ठेव. फार भयानक नको, पत्रिका मुलंही वाचतात.

तुझी,
नेल्डा

---

बेल्स क्रॉसिंग
२ जून

प्रिय नेल्डा,

येऊ नका असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडे उतरू नका. घरी रंगकाम काढलंय. रंगाच्या वासाने मिसेस ओल्डरशॉंचं डोकं दुखेल आणि मग त्यांच्या डोक्याची सेवा करावी लागेल. गावाबाहेर हमरस्त्यावर एक लॉज उभं आहे, तिथे पंखा आहे.

पडलेली घरं भरपूर आहेत, हवं ते निवडा. पिकानच्या झाडाखाली मात्र सध्या उभं राहता येत नाही.

आमची रविवारची उपासना आता मेथडिस्टांच्या चर्चमध्ये होते, त्यांची नऊला आणि आमची अकराला. त्यांनी स्वतःहून बोलावलं. आमची काही मंडळी अजून दारात थबकतात. ब्रदर कॉयना तर एका बाप्तिस्म्याची पंचाईत पडली. आपल्या पंथात माणूस अख्खा पाण्यात बुडवायला हवा आणि मेथडिस्टांकडे सगळं मिळून एक वाटीभर पाणी. शेवटी डब टॅलीच्या गुरांच्या टाकीत उरकलं. दोन्ही चर्चची माणसं काठावर होती. मेथडिस्ट म्हणाले, बघायला छान वाटतं. आमचे म्हणाले, तुमच्याकडे खुर्च्या मऊ आहेत. एवढं बोलणं झालं म्हणजे पुष्कळ झालं.

खालच्या खोलीबद्दल तू पुन्हा लिहिलं नाहीस, पण मी विसरले नाही. तुझ्या मनात चांगलंच आहे. पण नेल्डा, तुझ्या रस्त्यावर कोणी आजारी पडलं तर शेजाऱ्याला कळतं का? मी तिथे कोणासाठी भांडं भरून नेऊ? मी गेल्या वेळी आले होते तेव्हा समोरच्या घरी पाय मोडला म्हणून जेवण घेऊन गेले, तर त्यांना वाटलं मी काहीतरी विकायला आले. मला इथेच राहायचं आहे. हे मी गमतीत लिहीत नाही.

तुझी,
ऑर्फा

---

बेल्स क्रॉसिंग
७ जून

मिसेस विटमर यांस,

तुम्ही मला ओळखत नाही पण तुमच्या बहिणीच्या, ऑर्फाच्या पत्रांतून माझं नाव तुमच्या कानावर असणार आणि काय म्हणून असणार तेही मला ठाऊक आहे. मी लव्होन प्रुइट. निळ्या फुलांचं भांडं माझ्याकडेच होतं. होतं ते होतं. द्यायचं राहून गेलं आणि मग इतकी वर्षं झाली की आता द्यायचीच लाज वाटायला लागली.

तर झालं असं की माझं छप्पर झालं, अगदी पक्कं झालं, आणि मला वाटलं आता तरी बाईचं भांडं देऊन टाकावं. चर्चमध्ये दिलं असतं तर चार बायकांसमोर बोलली असती. म्हणून म्हटलं गुपचूप तिच्या घरी ओट्यावर ठेवून यावं. पूल कालच उघडला. पीचचं गोड करून भांडं भरलं आणि गेले.

मिसेस विटमर, ओटाच नाही हो. स्वयंपाकघरच नाही. ते पिकानचं झाड मुळासकट उपटून घरावर आडवं पडलंय, स्वयंपाकघर आणि मागची खोली सपाट झालीय. पुढच्या दोन खोल्यांच्या भिंती उभ्या आहेत पण वर आभाळ. काचेचा नुसता चुरा. मी गरम भांडं हातात घेऊन तिथे उभी राहिले आणि ठेवायला जागा सापडेना.

तुम्ही म्हणाल गावात कोणाला कसं कळलं नाही. मीही तेच विचारतेय. ती ओढ्यापलीकडे एकटी, पूल बंद. विचारलं की म्हणायची छपराला जरा लागलंय. रात्री चर्चमध्ये झोपते ते आम्हाला वाटलं कामाची हौस. लहान मुलांच्या वर्गात, त्या गुडघ्याएवढ्या खुर्च्यांच्या मध्ये तिची खाट आहे. आम्ही रोज तिच्यासाठी प्रार्थना केली हो, देवा हिला बळ दे म्हणून. छप्पर दे असं एकीलाही सुचलं नाही. प्रत्येकीला वाटलं दुसरीने चौकशी केली असेल.

मी तडक ब्रदर कॉयना सांगितलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती हसून म्हणाली, "लव्होनला मोजमाप कळत नाही, स्वतःच्या छपराचं सांगताना बघितलंत ना?" सगळे हसले. आणि मिसेस विटमर, मी घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले.

सोळा तारखेला मेनोनाइट जाणार. महिनाअखेर ज्या घरावर छप्पर नसेल ते धोक्याचं म्हणून काउंटीचे सरकारी लोक पाडून टाकणार, तसा कागद तिच्या दारावर लावलाय. मग तिला तुमच्याकडे यावं लागेल. तुम्ही तिला छान ठेवाल, पण ती तिथे वर्षभरात वाळून जाईल हे मी तुम्हाला सांगते. मला ती खोटी पाडू शकते. सख्ख्या बहिणीला नाही पाडू शकणार. तुम्ही या. कपडे आणू नका.

मी लिहिलं हे तिला सांगू नका. आधीच मी तिच्या मनातून पार उतरलेली आहे.

लव्होन प्रुइट

---

फेअरमाउंट हाइट्स
९ जून

ऑर्फा,

समिती येत नाही. मीच नको म्हटलं. मिसेस ओल्डरशॉ रागावल्या आहेत आणि पिवळ्या टी-शर्टांचा गठ्ठा माझ्या गॅरेजमध्ये पडलाय. निम्मे मी फडकी म्हणून घेऊन येते.

मी बुधवारी येते. एकटी. बसने. येताना रोलंडची हातोडी आणि जमतील तेवढे खिळे आणते. दुकानदाराने विचारलं, किती इंची? मी म्हटलं, छपराचे. त्याने माझ्या हातातल्या अंगठ्या बघितल्या आणि सगळे प्रकार थोडे थोडे दिले.

घराला कुठला रंग देते आहेस ते बघायचं आहे.

नेल्डा

ता. क. जांभळा मखमली झगा माझा होता. रोलंडच्या दंतवैद्य संमेलनाला घेतला होता. एकदाच घातला.

---

बेल्स क्रॉसिंग
१ जुलै

प्रिय नेल्डा,

तू सुखरूप पोचलीस हे वाचलं. रोलंडला नखांची अवस्था आवडली नाही हेही वाचलं. त्याला सांग, तू सोळा खिळे वाकडे ठोकलेस आणि त्यांतले पंधरा इलामने तुझी पाठ वळल्यावर काढले. एक त्याने ठेवलाय. माझ्या पुढच्या दारावर आहे, मी त्याला टोपी अडकवते.

मी तुला अजून माफ केलेलं नाही. बुधवारी रात्री तू माझ्या घरी जाऊन आलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. गुरुवारी सकाळी इलामने नेहमीचं विचारलं, "आज कुणाकडे जायचं?" मी तोंड उघडायच्या आत तू त्या जांभळ्या पडद्यामागून, केसांत रोलर घातलेली, ओरडलीस: "ऑर्फा टिडवेलकडे!" अख्खं तळघर माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, अजून हार्लन बेट्सचं घर राहिलंय, माझं थांबू शकतं. तू म्हणालीस, "ऑर्फा, तुझ्या घरात झाड आहे. मी त्याच्या फांद्यांवर बसून आलेय." इतकी वर्षं बहिणीला गप्प कसं करायचं हे मला येत होतं. त्या दिवशी ते चाललं नाही.

नंतर काय झालं ते तू बघितलंसच. झाड कापायला मेथडिस्ट आले, त्यांच्या करवती आमच्यापेक्षा चांगल्या निघाल्या. शनिवार उजाडला तरी काम निम्मंच होतं. मी इलामला म्हटलं, तुमचा गहू वाट बघतोय, निघा. तो म्हणाला, "गहू थांबू शकतो." त्या दिवशीचे त्याचे शब्द तेवढेच. माझंच वाक्य मला परत दिलं त्या माणसाने. तुझी बस गेल्यावर ते आणखी दोन दिवस थांबले आणि छप्पर पुरं करूनच गेले. हार्लन बेट्सचं घर आता आमचे डीकन लोक करताहेत, मेथडिस्टांच्या शिड्यांवरून. वाकडं होतंय, पण होतंय. काउंटीचा माणूस येऊन दारावरचा कागद काढून घेऊन गेला. मनोराही परत आला. देताना मेथडिस्टांनी एक हॅम दिला. मनोऱ्याबरोबर हॅम का, ते कोणालाच माहीत नाही.

आता तू गेल्यानंतरचं सांगते, तेवढ्यासाठीच हे पत्र.

गेल्या रविवारी उपासना संपवून मी घरी राहायला आले. दोन खोल्या, नवं छप्पर, आणि स्वयंपाकघर म्हणून एक शेगडी आणि पाण्याची बादली. ताट नाही, वाटी नाही. मी एका खोक्यावर बसले होते. तेवढ्यात लव्होन आली. हातात निळ्या फुलांचं भांडं, त्यात पीचचं गोड. म्हणाली, "हे घे. आणि आता बोल काय बोलायचं ते." मी काही बोलायच्या आत तिच्या मागून डबची बायको आली, तिच्या हातात माझं झाकणाचं लांबट भांडं, तिची मोठी मुलगी जन्मली तेव्हाचं. त्या मुलीला आता स्वतःची मुलं आहेत. मग हार्लनची बहीण आली. मग एक मेथडिस्ट बाई आली, जिला मी कधी काही दिल्याचं मला आठवतसुद्धा नाही, पण तळाला माझंच अक्षर होतं. गाडीमागून गाडी येत राहिली. टेबल नव्हतं, म्हणून भांडी फरशीवर मांडली. प्रत्येक भरलेलं. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी, पिवळी पडलेली, कडा सुटलेल्या, आणि तिच्यावर ऑर्फा टिडवेल.

नेल्डा, या बायकांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते तुला माहीत आहे, कारण बरंचसं मी तुला लिहूनही टाकलंय. वेंधळ्या म्हटलं, चोरट्या म्हटलं. आणि त्यांनी ती वेळच्या वेळी आणून दिली असती तर? माझ्या कपाटात शिस्तीत रचून ठेवली असती मी. झाडाखाली त्यांचा चुरा झाला असता. माझ्या घरातलं जे मी जपून ठेवलं ते सगळं गेलं. माझ्या घरातलं जे परत आलं नाही तेवढंच राहिलं.

मी रडले. सगळ्यांसमोर, पार हुंदके देऊन. लव्होनला वाटलं तिच्या पीचमुळे. मी तिला तसंच वाटू दिलं.

आता कामाचं. भांडी धुऊन झाली, आणि काल हार्लनच्या बहिणीचा पाय मुरगळला म्हणून झाकणाचं लांबट भांडं पुन्हा भरून पाठवलं. निळ्या फुलांचं लव्होनकडेच परत दिलं, मक्याचा पाव घालून. ती दारातच म्हणाली, "या वेळी लवकर आणून देते हं." मी म्हटलं, "खबरदार!"

तू बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं पांढरं भांडं इथेच राहिलंय. तळाला तुझं नाव आहे, मी बघितलं. ते पाठवणार नाही, मागू नकोस. माझं एक भांडं कागदात गुंडाळून उद्याच्या टपालाने पाठवतेय. समोरच्या घरी जेवण घेऊन जा त्यातून. ते विचारतील काय विकताय म्हणून, तरी जा.

आणि ते भांडं परत आणू नकोस.

तुझी,
ऑर्फा